मूळ पाप आणि माणसाचा चांगुलपणा : सीमाभागातील कॅथलिक घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला मराठीतून शिकवते. बेळगावच्या पट्ट्यात एकाच चर्चमध्ये कोकणी, मराठी आणि कन्नड बोलणारी कुटुंबे शेजारी बसतात, आणि मूळ पापाविषयीचे प्रश्न तिन्ही भाषांतून सारखेच येतात. स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, तयारीला आलेले आईबाप विचारतात, डिसेंबरातील मरियामातेच्या सणाच्या सुमारास मुले विचारतात, आणि कधी कधी आमचे हिंदू शेजारीही विचारतात. उत्तरे देताना मला सतत जाणवत आले आहे की, या शिकवणुकीचा अर्धाच भाग लोकांच्या कानावर गेलेला असतो. पहिला माणूस आदाम याने देवाची आज्ञा मोडली, यालाच पतन म्हणतात, आणि तेव्हापासून माणूस पतित आहे, एवढे ऐकू येते. तो चांगला निर्माण केला गेला आणि पतनानंतरही त्याचे चांगुलपण नष्ट झालेले नाही, हे चर्चने तितक्याच ठामपणे सांगितले आहे, ते मात्र ऐकायचे राहून जाते.

तान्हे बाळ पापी असते, असे चर्च शिकवते का?

ज्याने जाणूनबुजून वाईट केले तो पापी, असा अर्थ घेतला तर तान्हे बाळ पापी नसते. पाप करण्यासाठी समज लागते आणि इच्छेचे स्वातंत्र्य लागते, आणि पाळण्यातल्या बाळाकडे या दोन्ही गोष्टी अजून आलेल्या नसतात. एका तयारीवर्गात एका तरुण आईने मला विचारले होते, “बाई, माझ्या सव्वा महिन्याच्या लेकरानं कुणाचं काय वाईट केलंय?” या प्रश्नाचे पहिले उत्तर “काहीही नाही” हेच असले पाहिजे, आणि पुढचे सगळे स्पष्टीकरण त्यानंतर यावे, असे मी तेव्हापासून पाळत आले आहे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद ४०४ आणि ४०५ मध्ये हा मुद्दा स्पष्ट केलेला आहे. मूळ पाप हे आपण केलेले नसून आपल्या वाट्याला आलेले आहे, ती कृती नसून अवस्था आहे, आणि आदामाच्या कोणत्याही वंशजाच्या ठायी त्याला वैयक्तिक अपराधाचे स्वरूप नाही. मुले म्हणजे देवाघरची फुले, असे आपण म्हणतो तेव्हा मुलाच्या हातून काही वाईट घडलेले नाही एवढेच सांगायचे असेल, तर त्या म्हणण्याशी या शिकवणुकीचे कसलेही भांडण नाही.

मग त्याला ‘पाप’ तरी कशाला म्हणायचे?

हा शब्द येथे साधर्म्याने वापरला आहे, आणि तोच ग्रंथ तसे सांगतोही. केलेल्या पापाने माणूस देवाच्या मैत्रीपासून तुटतो. मूळ पापाच्या अवस्थेत माणूस त्या मैत्रीशिवाय जन्माला येतो. दोन्हीकडे उणीव एकच आहे, म्हणून शब्दही एकच आहे, परंतु ती उणीव निर्माण होण्याची वाट वेगळी आहे. देवाने माणसाला ज्या पावित्र्यात आणि सुसंवादात घडवले, ते पावित्र्य आज जन्मणाऱ्या बाळाच्या ठायी नसते. हे नसणे म्हणजेच मूळ पाप.

मराठीत काही जण ‘जन्मपाप’ असाही शब्द वापरतात. मी तो टाळते, कारण त्यातून जन्म घेणे हेच पाप आहे असा भास होतो. ‘मूळ पाप’ हा शब्दही जपून समजावा लागतो. आपण ‘मुळात’ असे म्हणतो तेव्हा एखाद्या गोष्टीचे खरे, आतले स्वरूप सांगत असतो. त्यामुळे माणूस मुळातच पापी आहे, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात सहज शिरतो. शिकवण तशी नाही. पाप मानवी इतिहासाच्या मुळाशी आहे, माणसाच्या स्वरूपाच्या मुळाशी नाही. स्वरूपाच्या मुळाशी देवाची निर्मिती आहे, आणि बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाच्या ३१ व्या वचनात देवाने आपण केलेले सर्व पाहिले तेव्हा ते फार चांगले होते, असेच लिहिलेले आहे.

करणारा एक आणि भरणारा दुसरा, हा कुठला न्याय?

वाईट वाटण्यासारखाच प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याला गप्प करू नये. पवित्र शास्त्रात यहेज्केल संदेष्ट्याच्या १८ व्या अध्यायात मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, असे स्वच्छ सांगितले आहे. देव एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या खात्यावर लिहितो, असे चर्चही म्हणत नाही.

मी वर्गात शेताचे उदाहरण देते, कारण आमच्या भागात ते समजावून सांगावे लागत नाही. एखाद्या घराण्याच्या पणजोबांनी स्वतःच्या हट्टापायी ओलिताखालचे उत्तम भातशेत गमावले, आणि आज जन्मलेल्या पणतूच्या नावावर उताऱ्यात ती जमीन नाही. पणतूने काहीही गमावलेले नाही आणि कोणी त्याला शिक्षाही सुनावलेली नाही. तरी ते शेत त्याला मिळायचे होते आणि ते त्याच्याकडे नाही, हे तितकेच खरे. काही जण शेताऐवजी कर्जाचे उदाहरण देतात, ते मला योग्य वाटत नाही. कर्जामागे सावकार येतो, वसुली येते, आणि देवाला आपण नकळत वसुलीसाठी दारात उभे करतो. गमावलेल्या वारशाच्या उदाहरणात देव देणारा राहतो. पहिल्या माणसाला मिळालेले पावित्र्य हे निव्वळ दान होते, त्यावर कोणाचा हक्क नव्हता, ही गोष्टही त्यातून नीट कळते.

शेताचे उदाहरणही सगळे सांगू शकत नाही, कारण शेताविना माणूस आतून बदलत नाही, आणि मूळ पापाचा परिणाम मात्र आतपर्यंत पोहोचतो. तेथे दुसरी एक गोष्ट उपयोगी पडते. आपल्यापैकी कोणीही एकट्याने माणूस होत नाही. घरची मराठी आपण मागून घेतलेली नाही. ती आईच्या तोंडून आली आणि आपल्या विचारांत मुरली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेतून उभा राहिलेला सीमाप्रश्नही येथे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतो; त्या निर्णयात त्याचा हात नव्हता, तरी त्याच्या शाळेची भाषा, घरातील बोलणी आणि मनातील राग-लोभ त्यातून घडतात. माणसे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणूनच चांगले आणि वाईट दोन्ही एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचते. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात याच गुंतण्याच्या आधारावर सांगतात की, एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले, तसे एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील. पहिला भाग अन्याय्य म्हणून नाकारला, तर दुसऱ्या भागाचा आधारही आपण आपल्याच हाताने काढून घेतो.

हे संचित आणि प्रारब्धासारखेच आहे ना?

शेजारच्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो, आणि साम्य शोधण्यामागचा भाव मला आपुलकीचा वाटतो. तरीही दोन्ही कल्पना एक नाहीत. कर्माच्या विचारात जीव स्वतःच्याच पूर्वीच्या कर्मांचे फळ भोगतो. मूळ पाप मात्र माझ्या कोणत्याही कर्मातून आलेले नसते, कारण कॅथलिक श्रद्धेत माझा हा जन्म पहिला आणि एकमेव आहे. तसेच कर्माचा वाटा प्रत्येकाचा वेगळा मानला जातो, तर मूळ पापाची अवस्था सर्वांची सारखी आहे. श्रीमंत-गरीब, सशक्त-दुर्बळ, या जातीचा-त्या जातीचा, असा फरक त्यात नाही.

या सारखेपणातून निघणारा निष्कर्ष आपल्या समाजासाठी फार मोलाचा आहे. जन्माने कोणी इतरांपेक्षा अधिक अपवित्र असू शकत नाही, आणि जन्माने कोणी अधिक शुद्धही असू शकत नाही. जो कॅथलिक माणूस दुसऱ्याला जन्मावरून हलके लेखतो, तो मूळ पापाची शिकवणच नाकारत असतो, मग तो दर रविवारी मिस्साला येत असला तरी.

माझे मूल जन्मतः अपंग आहे. ती मूळ पापाची शिक्षा आहे का?

नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य हेच विचारतात की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आजार, वेदना आणि मृत्यू यांनी भरलेल्या जगात आपण राहतो हे पतनाशी जोडलेले आहे, असे चर्च सर्व मानवजातीविषयी सांगते. एका विशिष्ट घरातील एका विशिष्ट मुलाच्या व्यंगाचे कारण म्हणून ते बोट दाखवत नाही. तुम्हाला कोणी तसे सांगितले असेल, तर त्याने चुकीचे सांगितले.

चर्चच्या मते माणूस मुळात चांगला आहे की वाईट?

चांगला आहे, आणि जखमी आहे. या दोन शब्दांपैकी एक सोडला की शिकवण मोडते, आणि इतिहासात ती दोन्ही बाजूंनी मोडण्याचा प्रयत्न झालेला आहे, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

पहिला प्रयत्न शरीर आणि जडसृष्टी यांनाच वाईट ठरवण्याचा होता. मानी नावाच्या गुरूच्या पंथाचे लोक प्रकाश आणि अंधार अशी दोन आदितत्त्वे मानत, आणि देह अंधाराच्या बाजूला टाकत. संत ऑगस्टीन (३५४–४३०) तरुणपणी सुमारे नऊ वर्षे याच पंथाच्या संगतीत होते. त्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी जे मांडले ते कॅथलिक विचाराचा पाया झाले: वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, जे चांगले असायला हवे होते त्याची उणीव म्हणजे वाईट. म्हणजे वाईट असण्यासाठीसुद्धा आधी काहीतरी चांगले असावे लागते.

दुसरा प्रयत्न उलट दिशेचा होता. पेलागियस या तपस्व्याच्या मताचे लोक म्हणू लागले की, आदामाच्या पापाने फक्त आदामाचेच नुकसान झाले, पुढच्यांसमोर वाईट उदाहरण राहिले इतकेच, आणि माणूस मनावर घेईल तर कृपेवाचून स्वबळावर निष्पाप जगू शकतो. ऐकायला हे आशादायक वाटते. प्रत्यक्षात जो घसरतो त्याच्यासाठी या मतात दया उरत नाही, कारण जमत असूनही त्याने केले नाही असा त्याचा अर्थ होतो. दारूच्या व्यसनाशी झगडणाऱ्या माणसाच्या घरी बसून हे मत बोलून पाहावे, म्हणजे त्यातील कठोरपणा लगेच कळतो. कार्थेज येथील ४१८ च्या आणि ऑरेंज येथील ५२९ च्या धर्मसभेने कृपेची गरज ठामपणे सांगितली.

तिसरा प्रसंग सोळाव्या शतकातील. धर्मसुधारणेच्या चळवळीतील काही विचारवंतांनी पतनामुळे माणसाचा स्वभाव आमूलाग्र बिघडला असे मांडले. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १७ जून १५४६ रोजी मूळ पापाविषयीचा निर्णय दिला. मूळ पाप खरे आहे, ते अनुकरणाने नव्हे तर वंशपरंपरेने पोहोचते, आणि ख्रिस्ताच्या पुण्याईवाचून त्यावर उपाय नाही, असे तिने सांगितले. याच परिषदेने १३ जानेवारी १५४७ च्या निर्णयात दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे राखली: आदामाच्या पापाने माणसाचे इच्छास्वातंत्र्य दुबळे झाले, परंतु ते नाहीसे झाले नाही.

या सगळ्याचा सर्वांत नेमका उलगडा संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच करून ठेवला होता. मानवी स्वभावाचे चांगुलपण ते तीन अर्थांनी घेतात. पहिले, स्वभाव ज्या घटकांनी बनला आहे ते, म्हणजे देह, बुद्धी, इच्छाशक्ती; यांना पापाने धक्का लागत नाही. दुसरे, सद्गुणाकडे असलेली स्वाभाविक ओढ. ही पापाने कमी होते, पण कधीही पूर्ण नष्ट होत नाही. तिसरे, आरंभी दान म्हणून मिळालेले पावित्र्य. हे मात्र पूर्ण गेले. एक शाबूत, एक जखमी, एक हरवलेले, असा हा हिशेब आहे, आणि मोठ्यांच्या वर्गात मी तो फळ्यावर लिहून ठेवते.

आपल्याकडे ‘खाण तशी माती’ अशी म्हण आहे. खानापूरची माती कुंभारकामासाठी आणि कौलांसाठी नावाजलेली, त्यामुळे येथे ही म्हण जिभेवर पटकन येते. मूळ पापाला ती लावली तर मात्र अनर्थ होतो, कारण माणसाची खाण आदाम नाही. आदामही देवाच्या हातच्या मातीतूनच घडला, आणि ती खाण कधी बिघडली नाही. ‘स्वभावाला औषध नाही’ ही दुसरी म्हण तर चर्च थेट नाकारते. जो बिघाड स्वभावाचा स्वतःचा असतो त्याला औषध नसते, जखमेला असते. माणसाच्या दशेला जखम म्हणण्यात त्याच्या चांगुलपणाची कबुली आधीच आलेली असते, कारण निरोगी घडण ज्याची आहे त्यालाच जखमी म्हणता येते.

प्रोटेस्टंट बांधवांची शिकवण यापेक्षा फार वेगळी आहे का?

बेळगावात मेथडिस्ट मंडळी जुनी आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या नात्यांत दोन्ही घराणी आहेत, म्हणून हे विचारले जाते. सर्व प्रोटेस्टंट परंपरा एकसारख्या नाहीत. पतनाची खोली आणि त्यानंतर उरलेली मोकळीक यांविषयी भर देण्यात फरक आहे, आणि तो शाब्दिक नाही. परंतु माणूस कृपेनेच तारला जातो, स्वतःच्या पुण्याने नाही, यावर कॅथलिक आणि लुथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदेने तिला आपली संमती जोडली. सोयरिकीच्या बैठकीत या विषयावर वाद घालणाऱ्यांना मी एवढीच गोष्ट सांगते.

ख्रिस्ती नसलेले आमचे शेजारी आमच्यापेक्षा चांगले वागतात. त्यांचा चांगुलपणा खोटा मानायचा का?

मुळीच नाही, आणि हे माझे सौजन्य म्हणून सांगत नाही, चर्चच्या निर्णयाच्या आधारावर सांगते. श्रद्धाहीनांची सर्व कृत्ये पापेच असतात आणि तत्त्वज्ञांचे सद्गुण हे दुर्गुणच असतात, असे विधान लुव्हाँ विद्यापीठातील मिखाएल बायस यांच्या लेखनातून पुढे आले होते. पोप पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये ते फेटाळले. चर्चच्या बाहेर कृपा दिलीच जात नाही, हे विधान पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७१३ मध्ये फेटाळले. दोन्ही वेळी समोरचा पक्ष अत्यंत कडक आणि धर्मनिष्ठ होता, आणि तरीही चर्चने मानवी चांगुलपणाची बाजू घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये पुढे जाऊन सांगितले की, स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख न झालेला, पण अंतःकरणाने देवाचा शोध घेणारा आणि सदसद्विवेकाच्या आवाजानुसार कृपेच्या साहाय्याने जगू पाहणारा माणूस तारणाला पोहोचू शकतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या काठची गावे पाण्यात गेली, तेव्हा ज्यांनी रात्रभर भाकऱ्या थापून बांधून पाठवल्या त्यांना आपण त्यांचा धर्म विचारला नव्हता. त्या भाकरीतील माया खरी होती. मूळ पापाची शिकवण तिला खोटी ठरवत नाही; ती माया ज्या हातांनी दिली तेच हात दुसऱ्या दिवशी बांधावरून भांडतात, हे का घडते, एवढेच ती सांगते. आणि हे आपल्याही हातांविषयी तितकेच खरे आहे.

स्नानसंस्काराने मूळ पाप जाते, मग नंतरही राग, हाव आणि मत्सर का उरतात?

स्नानसंस्काराने मूळ पाप पूर्णपणे पुसले जाते आणि देवाच्या जीवनात वाटा मिळतो. उरते ती पापाकडे झुकण्याची ओढ. ट्रेंटच्या परिषदेने या ओढीविषयी नेमके सांगितले की, ती पापातून येते आणि पापाकडे वळवते, परंतु जो तिला संमती देत नाही त्याच्या ठायी ती स्वतः पाप नसते. हे वाक्य कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे असे मला फार वाटते. मनात वाईट विचार आला म्हणूनच आपण पापी झालो, असे समजून कुढत राहणारी कितीतरी भली माणसे मी पाहिली आहेत. विचार येणे वेगळे आणि त्याला जागा करून देणे वेगळे. रोप लावलेल्या वाफ्यात तण उगवते म्हणून शेत नापीक ठरत नाही. तण काढायचे काम मात्र प्रत्येक हंगामात उरते.

स्नानसंस्कार होण्याआधीच बाळ गेले तर?

अनेक वर्षांपूर्वी अशाच एका घरी, बाळ गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, एका वडीलधाऱ्या व्यक्तीने त्या आईला सर्वांसमोर सांगितले की, आता त्या जिवाला देवाचे मुख दिसणार नाही. त्या आईचा चेहरा मी विसरू शकलेले नाही. तेव्हा मला उत्तर माहीत नव्हते आणि मी गप्प बसले. ते उत्तर मी नंतर शोधले, आणि या पानाची सुरुवात खरे तर तेथे आहे.

मध्ययुगातील धर्मपंडितांनी अशा बाळांसाठी ‘लिंबो’ नावाची एक अवस्था कल्पिली होती, जेथे दुःख नाही पण देवाचे दर्शनही नाही. ऑगस्टीन यांच्या अधिक कठोर मतापेक्षा ती कल्पना दयाळू होती, परंतु ती चर्चचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हती. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तिचा उल्लेखही नाही. त्याऐवजी परिच्छेद १२६१ सांगतो की, चर्च अशा बाळांना देवाच्या दयेच्या हाती सोपवते, आणि “बालकांना माझ्याजवळ येऊ द्या” असे म्हणणाऱ्या येशूची माया आपल्याला त्यांच्या तारणाची आशा धरू देते. आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशी बाळे तारली जातात अशी आशा धरण्यास गंभीर आधार आहेत, असाच निष्कर्ष काढला. त्यांच्यासाठी अंत्यविधीच्या प्रार्थनाही आहेत. त्या मागून घ्याव्यात. संकोच करू नये.

याचा अर्थ स्नानसंस्कार लांबवावा असा नाही. चर्चच्या नियमानुसार पहिल्या काही आठवड्यांतच तो व्हावा. नातेवाईक परदेशातून यावेत किंवा हॉल मिळावा म्हणून वर्षभर थांबणे बरोबर नाही. बाळाच्या जिवाला धोका असेल तर फादर येईपर्यंत थांबण्याची गरज नसते. कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा, चर्चचा हेतू मनात धरून, बाळाच्या डोक्यावर पाणी ओतत “मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देते” असे म्हणून तो देऊ शकते, आणि तो पूर्ण वैध असतो.

शरीरसंबंध आणि बाळंतपण यांत काही अशुद्ध आहे, म्हणून मूळ पाप येते का?

नाही. मूळ पाप वंशपरंपरेने पोहोचते म्हणजे मानवी स्वभावच त्या उणिवेसह पुढे जातो. नवराबायकोच्या जवळिकीत काही घाण आहे असा त्याचा अर्थ नाही. विवाह हा तर चर्चमध्ये संस्कार आहे. बाळंतिणीच्या विटाळाची समजूत आपल्या काही ख्रिस्ती घरांतही शिल्लक आहे, आणि स्नानसंस्काराने बाळ “शुद्ध करून घेतले” असे बोलले जाते. ती समजूत वेगळ्या मुळातून आलेली आहे; तिला मूळ पापाचा आधार देऊ नये.

आदाम आणि हव्वा खरोखर होऊन गेले का? उत्क्रांतीचे काय?

धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद ३९० सांगतो की, उत्पत्तीचा तिसरा अध्याय प्रतिमांच्या भाषेत लिहिलेला आहे, परंतु मानवी इतिहासाच्या आरंभी घडलेली खरी घटना तो सांगतो. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मोकळीक दिली, मात्र आत्मा देव थेट निर्माण करतो हे राखले, आणि मानवजात अनेक आदिजोडप्यांपासून आली हे मत मूळ पापाशी कसे जुळेल ते दिसत नाही, असा इशाराही दिला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत हा केवळ तर्कापेक्षा अधिक आहे, असे म्हटले. अनेक आदिजोडप्यांच्या प्रश्नावर धर्मपंडितांत अजून विचार चालू आहे. दहावीच्या मुलांना जीवशास्त्राचे पुस्तक आणि पवित्र शास्त्र यांपैकी एक निवडायला लावू नये, एवढे मात्र निश्चित.

८ डिसेंबरचा सण येशूच्या गर्भधारणेचा आहे ना?

नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. निष्कलंक गर्भसंभवाचा सण मरियेच्या स्वतःच्या आईच्या उदरातील आरंभाविषयी आहे. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी घोषित केले की, मरिया आपल्या अस्तित्वाच्या पहिल्या क्षणापासून, ख्रिस्ताच्या पुण्याईमुळे, मूळ पापापासून सुरक्षित राखली गेली. तिला तारणाऱ्याची गरज नव्हती असे यातून निघत नाही. खड्ड्यात पडलेल्याला वर काढणारा वाचवतोच, आणि पडण्याआधीच हात धरणाराही वाचवतोच. मध्ययुगातील धर्मपंडित जॉन डन्स स्कोटस यांनी शतकांपूर्वी दाखवून दिले की, हे दुसरे वाचवणे अधिक परिपूर्ण आहे.

आपल्या विषयासाठी हा सण महत्त्वाचा आहे, कारण मरिया कोणी वेगळ्या जातकुळीची नव्हे. ती पूर्ण माणूस आहे. पापाशिवाय ती कमी मानवी ठरत नाही. “शेवटी आपण माणूसच” असे म्हणून आपण आपल्या चुका माणूसपणावर ढकलतो. मरियेकडे पाहिले की पाप हा माणूसपणाचा भाग नाही हे दिसते.

लहान मुलांना हे शिकवायला कोठून सुरुवात करावी?

पापापासून करू नये. मी पहिल्या रविवारी फक्त उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय घेते. आमच्या वर्गातील काही मुलांच्या घराजवळ चाकावर माती फिरते, त्यामुळे देवाने मातीतून माणूस घडवला हे त्यांना ऐकताक्षणी दिसते. मुले ओली माती आणतात, माणसे करतात, आणि आपापल्या माणसाला नाव देतात. तिसरा अध्याय मी त्याच दिवशी कधीही सांगत नाही, वेळ उरला तरी नाही. तो पुढच्या रविवारी येतो, आणि त्याच वेळी पंधराव्या वचनातील तारणाऱ्याचे वचनही येते, म्हणजे पतनाची गोष्ट मुले आशेविना घरी नेत नाहीत. त्याबरोबर यिर्मया संदेष्ट्याच्या १८ व्या अध्यायातील कुंभार येतो, ज्याच्या चाकावरचे भांडे बिघडते आणि जो त्याच मातीचे दुसरे भांडे करतो. मधला आठवडाभर मुलांच्या घरात खिडकीवर ती मातीची माणसे वाळत असतात, आणि कोणी विचारले तर ‘फार चांगले’ एवढेच सांगायचे, असे मी त्यांना बजावलेले असते.